डोंगरवार सरांचा नेतृत्वविकास

दिवाळी सरली की गोंदिया जिल्ह्यात जो भेटेल त्याला "या ना जी आमच्या मंडईले" म्हणायची रीत आहे. बसचा कंडक्टर तिकीट फाडता फाडता म्हणतो, डॉक्टर सुई टोचता टोचता म्हणतो, कोर्टात एकमेकांविरुद्ध उभे असलेले चुलतभाऊसुद्धा बाहेर चहाच्या टपरीवर म्हणतात. ऐकणाऱ्यानं "हाव, येतो ना" म्हणायचं आणि आपल्या वाटेनं जायचं. मंडई म्हणजे गावची वर्षातली एक दिवसाची जत्रा. दुकानं, पाळणे, दंडारीचा नाचगाण्यांचा खेळ, रात्री नाटक आणि घरोघरी पंगतीवर पंगती. सोयरेधायरे न बोलावताच येतात. बाकी जगाला दिलेलं आमंत्रण म्हणजे नुसती माणुसकी. ते खरं धरून कोणी गाडी भरून येत नाही. निदान तोवर कोणी आलं नव्हतं.

चिचटोल्याच्या प्रा. केशोराव डोंगरवारांनी हे आमंत्रण कॅमेऱ्यासमोर दिलं, तिथंच सारं फसलं.

ते कॅमेऱ्यासमोर कशाला बसले होते ते आधी सांगायला हवं. केशोराव सडक अर्जुनीच्या पांडोबा पाटील महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतात. 'नेतृत्व : अर्थ, व्याख्या व गुण' हे प्रकरण त्यांनी इतकी वर्षं शिकवलंय, की झोपेतून उठवून विचारलं तरी पाचवा गुण सांगतील. जुने प्राचार्य निवृत्त झाले तेव्हा खुर्ची आपलीच, असं त्यांनी धरूनच ठेवलं होतं. सेवाज्येष्ठतेत त्यांच्या पुढं फक्त कॉलेजची इमारत होती. पण संस्थेचे सचिव देवचंदजी म्हणाले, "सर, आता नियम बदलला. प्रभारी प्राचार्य व्हायचं त तो ऑनलाइन नेतृत्वविकासाचा कोर्स केला पायजे. महिनाअखेर प्रमाणपत्र आणा, खुर्ची तुमची. नाई आणलं, त ओमेशनं केला आहे कोर्स."

ओमेश राहांगडाले हा केशोरावांचाच विद्यार्थी, आता त्याच कॉलेजात प्राध्यापक. नेतृत्वाचे गुण त्यानं केशोरावांच्याच तासाला पाठ केले होते आणि चौथा गुण विसरला म्हणून कानही पिरगाळून घेतला होता. पोट्टा गुणी, त्याबद्दल वाद नाही. पण ज्याचा कान पिरगाळला त्याच्याच दारात उभं राहून उद्या 'सर, आत येऊ का' विचारायचं?

"मंग करून टाका ना कोर्स," कुंदाबाई म्हणाल्या. त्या त्यांच्या पत्नी, आणि घरातलं नेतृत्व कोणताही कोर्स न करता त्यांच्याकडेच आहे. "बसूनच त करायचा आहे. धान चुरायचं काम थोडीच आहे!"

बाईचं बोलणं बिनतोड होतं. केशोरावांनी नाव नोंदवलं. कोर्स पुण्याकडच्या कुठल्याशा प्रशिक्षण केंद्राचा होता आणि त्याचे नियम एखाद्या खाष्ट सासूनं केल्यासारखे होते. कॅमेरा चालू पाहिजे. चेहरा दिसला पाहिजे. हजेरी माणूस घेणार नाही, पोर्टल घेईल. आणि शेवटच्या दिवशी प्रत्येकानं सादरीकरण करायचं. ते पोर्टलवर नोंदलं गेलं नाही, तर आधीचं सगळं मुसळ केरात.

पहिल्या दिवशी केशोराव वर ब्लेझर आणि खाली लुंगी अशा वेशात लॅपटॉपपुढं बसले. दारात शेजारचे बकाराम येऊन टेकले. बकाराम एसटीतून निवृत्त झालेले चालक. सारा महाराष्ट्र आपण पाहिलेला असल्यामुळं कोणत्याही विषयावर सल्ला देणं हे आपलं कर्तव्यच आहे, असं ते मानतात. "सर, मान खाली नोका घालू," ते म्हणाले. "तिकडचे लोक मान खाली घातली का गडी कच्चा समजतेत."

केशोरावांनी मान वर केली. ओळख करून द्यायची पाळी आली. नाव सांगितलं, विषय सांगितला, 'नेतृत्व हा माझ्या चिंतनाचा विषय आहे' असंही ठासून सांगितलं. इथंच थांबायचं होतं. पण दिवस दिवाळीनंतरचे. हात आपोआप जोडले गेले आणि तोंडातून निघून गेलं, "आणि हो, कोर्सच्या शेवटल्याच दिवशी आमच्या गावची मंडई आहे. सर्वांनी अवश्य या."

कोर्सच्या संचालिका डॉ. उपासनी मॅडम एकदम खुलल्या. मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे, हे समजून घेतल्यावर तर आणखीच खुलल्या. "आपल्या कोर्समध्ये क्षेत्रभेट आहे," त्या म्हणाल्या. "दर वेळी आम्ही व्हिडिओ दाखवून उरकतो. या वेळी खरीखुरी करू! शेवटचं सत्र डोंगरवार सरांच्या अंगणातून. ज्यांना जमेल त्यांनी माझ्याबरोबर चला, बाकीचे घरून जोडले जातील. सर, तुमची तयारी आहे ना?"

आता काय बोलणार? ज्यांच्या आजे-पणज्यांनी तलाव बांधून गावोगावच्या धानाला पाणी पाजलं, त्या कोहळी घरातल्या माणसानं पाहुण्याला नाही कसं म्हणायचं? आणि प्रमाणपत्र ज्या बाईच्या हातात, तिला तर कसं म्हणायचं? केशोराव "हो हो, अवश्य" म्हणाले, पण आवाज आपला नव्हे असं त्यांनाच वाटलं.

"कोनाले इचारून बोलावलं?" कुंदाबाईंनी विचारलं.

"बोलावलं नाई ना. या म्हटलं फक्त. सारेच म्हनतेत."

"म्हनतेत! पन समोरचा मानूस इथला पायजे ना जी! तुमी पुन्याच्या बाईले म्हटलं. ते का आपल्यासारखी हाव म्हनून घरी बसनार आहे?"

यावर राज्यशास्त्रात उत्तर नव्हतं.

मग कागद सुरू झाले. केंद्राकडून ईमेल आला. क्षेत्रभेटीसाठी कॉलेजची संमती, ग्रामपंचायतीचं ना-हरकत आणि कार्यक्रमस्थळी अखंड इंटरनेट असल्याचा दाखला पाठवावा. कॉलेजची संमती देवचंदजींनी लगेच दिली. अट एकच, स्वागताच्या बॅनरवर त्यांचा फोटो सगळ्यात मोठा पाहिजे. ग्रामपंचायतीत मात्र ग्रामसेवक पार चक्रावून गेले. "मंडईले येयाले ना-हरकत? सर, माझ्या आज्याच्या आंधीपासून मंडई भरून राहिली. हरकत कोन घेते तेच मले माहीत नाई, त नाई कोनाची लिहू?"

"बरं, इंटरनेटचा दाखला तरी द्या."

"तसा नमुनाच नाई ना आपल्यापाशी. रहिवासी दाखला देतो. इंटरनेट या गावचं रहिवासी आहे असं लिहू का?"

केशोरावांनी कपाळावर हात मारला. शेवटी बरेच खेटे घालून, ग्रामसेवकांच्या पोराच्या अॅडमिशनचं पाहतो असं सांगून, एका कोऱ्या कागदावर 'सदर गावी इंटरनेट येत-जात असते' एवढं मिळालं. केंद्रानं ते मान्यही केलं! कोणी वाचलं असेल असं वाटत नाही.

इकडे बकारामांचे सल्ले वाढत चालले होते. रस्सा फिका करा. गादी घाला. आणि मुख्य म्हणजे, "सर, इंग्लिश संडास बसवा. तिकडच्या बायांचे गुडघे बसायचे नसतेत." केशोरावांना ते पटलं, हे त्यांचं दुर्दैव. सौंदडहून मिस्त्री आला. तो दोन दिवसांचं काम म्हणून आला होता आणि कोर्स संपत आला तरी मागच्या अंगणात खणतच होता. एका दुपारी 'ताणतणावाचे व्यवस्थापन' या सत्रात मॅडमनी केशोरावांना मनोगत विचारलं. केशोरावांनी माइक सुरू केला, घसा साफ केला, आणि तेवढ्यात मिस्त्री दारात येऊन मोठ्यांदा म्हणाला, "सर, तोंड कोनीकडे ठेवू, वावराकडे का रस्त्याकडे?"

ते सगळ्या महाराष्ट्रातल्या प्राध्यापकांनी ऐकलं. केशोराव माइक बंद करायला गेले आणि गडबडीत कॅमेरा बंद झाला. पोर्टलनं तेवढ्या वेळाची गैरहजेरी लावली. त्यासाठी पुन्हा अर्ज, अर्जासोबत खुलासा. खुलाशात 'शौचालयाच्या दिशेबाबत तातडीची विचारणा झाल्याने' असं लिहिताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यभर त्यांनी लोकशाहीवर आणि नागरिकांच्या कर्तव्यांवर लिखाण केलं होतं.

अखेर मंडईचा दिवस उजाडला. सकाळपासून चिचटोल्यात पाय ठेवायला जागा नव्हती. तलावाच्या पाळीवर बैलबंड्या, पाळीखाली मोटारसायकली, जिलेबीची, बांगड्यांची, शिंगाड्यांची दुकानं, आणि शाळेच्या मैदानात इंजिनावर चालणारा भला मोठा पाळणा. डोंगरवारांच्या अंगणात देवचंदजींचा हसरा चेहरा बॅनरभर पसरला होता. त्यांच्या कानाच्या खाली जागा उरली तिथं 'हार्दिक स्वागत' होतं.

मॅडम आल्या. सोबत टेम्पो ट्रॅव्हलरभर प्राध्यापकही आले. कुंदाबाईंनी आदल्या दिवसापर्यंत तोंड फुगवलं होतं, पण पाहुणा उंबऱ्याशी आला तशी त्यांच्यातली यजमानीण जागी झाली. लाखोरीच्या डाळीचे वडे, नवेगावच्या माशांचा रस्सा, आमच्या भागातला तो सुवासिक भात. मॅडम वड्यावर वडे खात होत्या. "सर, तुमचं सादरीकरण झालं की मी स्वतः अहवालात लिहिते," त्या म्हणाल्या. "इतकी सुंदर क्षेत्रभेट आजवर झाली नाही." केशोरावांना प्राचार्यांची खुर्ची डोळ्यांपुढं दिसू लागली. तिच्यावर टॉवेल कोणत्या रंगाचा टाकायचा इथपर्यंत त्यांचा विचार गेला.

सत्राची वेळ झाली तशा मॅडमनी टाळी वाजवली. "चला, सगळे लॉगिन करू."

लॉगिन होईना. कोणाचंच होईना. गावाला एक टॉवर, तोही सौंदडच्या अंगाला, आणि दहा गावची माणसं मंडईत उभी राहून एकमेकांना 'तू कुठं आहेस, मी जिलेबीपाशी आहे' असं व्हिडिओ कॉलवर दाखवत होती. केशोराव स्लॅबवर चढले, नाही. तलावाच्या पाळीवर धावले, तिथं बैलानं ब्लेझर चाटला, रेंज नाही. परत आले तेव्हा घामानं निथळत होते. तिकडे घरी बसलेले प्राध्यापक आरामात सादरीकरणं उरकत असणार, आणि पोर्टलवर आपल्या नावापुढं लाल फुली पडणार, असं ते भेटेल त्याला सांगू लागले.

"सर," बकाराम म्हणाले, "पाळण्यावर चढा. वरती गेलं का रेंज भेटते. आताच मी एका पोट्टीले वरून बोलताना पाहिलं."

तुम्ही म्हणाल, शहाण्या माणसानं हे ऐकायला नको होतं. पण ज्याच्या नावापुढं लाल फुली पडायला आली आहे, त्याला शहाणपण परवडत नाही. आणि खरं सांगायचं तर मॅडमलाच ती कल्पना फार आवडली. "मीही येते, तुमचं सादरीकरण मला नोंदवावं लागेल," म्हणून त्या पदर खोचून निघाल्यासुद्धा.

पाळणेवाला बिसराम. त्यानं दोघांना एका पाळण्यात बसवलं, इंजिन सुरू केलं. पाळणा वर गेला आणि काय सांगावं, खरंच रेंज आली! टुण् करून पोर्टल उघडलं. "नमस्कार," केशोराव म्हणाले, "नेता म्हणजे जो समाजाला..." पाळणा खाली आला, पोर्टल गेलं. पुन्हा वर. "...अरे बापरे! हळू रे बिसराम! हं, तर नेत्याचा पहिला गुण..." पुन्हा खाली. घरी बसलेल्यांना अधूनमधून ब्लेझरमधला एक माणूस आकाशातून उगवताना दिसत होता, एक शब्द बोलत होता आणि किंचाळत मावळत होता. असं चाललं तर पहिला गुण संपायलाच संध्याकाळ झाली असती.

"बिसराम!" खालून बकाराम ओरडले. "सर वरती गेले का थांबव!"

बिसरामनं थांबवलं. केशोराव आणि मॅडम अगदी टोकावर, वाऱ्यावर डुलत. रेंज भरपूर! केशोरावांनी डोळे मिटून घेतले, कारण खाली पाहणं शक्य नव्हतं, आणि धैर्य हा नेत्याचा दुसरा गुण आहे हे ते कापऱ्या आवाजात सांगू लागले.

तेवढ्यात खाली कुंदाबाईंच्या माहेरची माणसं आली. मंडईत घरधन्यानं दारात उभं राहून पाहुण्यांच्या पायावर पाणी द्यायचं असतं, आणि सासरवाडीच्या माणसांना ते मिळालं नाही तर त्याची आठवण दोन पिढ्या काढतात. दारात कोणीच नव्हतं. शोधत शोधत मंडळी पाळण्याखाली पोचली, तिथं कुंदाबाई वर मान करून उभ्या होत्या. कुंदाबाईंच्या भावानं डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं, तर मेव्हणे टोकावर.

"बाई, भाटवे त्या वरती कोन बाईसंगं बसून राहिले?"

"मॅडम आहे ते," कुंदाबाई म्हणाल्या. "कोर्स करून राहिले."

भावानं पुन्हा एकदा वर पाहिलं आणि पाय न धुताच आपल्या गावाची वाट धरली.

इकडे पाळण्यातल्या बाकीच्या माणसांचा धीर सुटला होता. चकरा मारायला बसलेले लोक मध्येच लटकत होते. एक म्हातारी ओरडत होती, "थांबवला काऊन? मले का गरुड समजलं?" पोरं रडू लागली. खाली वाट पाहणारे बिसरामवर धावून गेले. बिसराम घाबरला आणि त्यानं इंजिनाचा दांडा एकदम ओढला. पाळण्याला असा हिसका बसला की केशोरावांच्या हातातला मोबाईल सुटला, हवेत गरगरला आणि खाली जिलेबीवाल्याच्या पाकात डुबकी मारून तळाशी गेला. ते नेत्याच्या तिसऱ्या गुणापर्यंत पोचले होते. तिसरा गुण संयम.

जिलेबीवाल्यानं झाऱ्यानं मोबाईल काढून दिला आणि पाकाची भरपाई मागितली.

रात्रीपर्यंत मॅडम हळहळत होत्या. "सर, मी साक्षीदार आहे ना! मी लिहून देते. काळजीच करू नका." आणि बाईनं खरंच लिहून दिलं, उगाच नाव ठेवण्यात अर्थ नाही. पण चार दिवसांनी त्यांचा फोन आला तेव्हा आवाज रडवेला होता. पोर्टलनं केशोरावांचं सादरीकरण अपूर्ण ठरवलं होतं. एवढंच नव्हे, क्षेत्रभेटीला आलेले सगळेच्या सगळे गैरहजर, आणि खुद्द मॅडमसुद्धा स्वतःच्याच कोर्सच्या सत्राला गैरहजर. जे घरी बसून कॅमेऱ्यासमोर पेंगत होते ते सारे उत्तीर्ण. "सर, मी संचालक असूनही ते माझं ऐकत नाही हो," मॅडम म्हणाल्या. "मलाच खुलासा मागितलाय."

"तुमी खुलाशात काय लिहिनार?" केशोरावांनी विचारलं.

"तेच कळत नाहीये. पाळण्यात होते असं कसं लिहू?"

केशोरावांना हसू आलं नाही. देवचंदजींनी हात वर केले. ओमेश प्रभारी प्राचार्य झाला.

त्या सोमवारी केशोराव सकाळी जेवले नाहीत. एवढ्या वर्षांची नोकरी, आणि शेवटी हे! कुंदाबाईंनी डबा हातात दिला. महामार्गावर ट्रकच्या मधून स्कूटर चालवताना ते तोंडातल्या तोंडात "सर... सर... सर" असा सराव करत होते. प्रत्येक वेळी शब्द गुळणीसारखा तोंडातच फिरायचा. कॉलेजात पोचल्यावर वर्गाची यादी घेऊन ते केबिनच्या दाराशी गेले, डोळे मिटले आणि म्हणाले, "स... सर, आत येऊ का?"

आत खुर्ची जोरात मागे सरकल्याचा आवाज झाला. ओमेश ताडकन उठून उभा होता. हात जोडलेले. "या ना सर! तुमी काऊन इचारता? बसा सर."

"नाही नाही, तुम्ही बसा. तुम्ही प्राचार्य आहात."

"तुमी उभे असताना मी कसा बसू सर?"

केशोराव बसले नाहीत. ओमेशही बसला नाही. यादी दिली, घेतली, दोघंही उभे. केशोराव बाहेर पडले तेव्हा मागे खुर्चीचा आवाज आला. ते व्हरांड्यात थबकले. इतके दिवस छातीवर ठेवलेला धोंडा कोणीतरी जरा हलवल्यासारखं त्यांना वाटलं. मग खडूंचं विचारायचं राहिलं हे त्यांच्या लक्षात आलं. ते परत आत गेले. ओमेश उठून उभा राहिला. थोड्या वेळानं पंखा आवाज करतोय हे सांगायला गेले. ओमेश उभा राहिला. वेळापत्रकाची एक शंका होती, तीही उद्यावर टाकणं बरं नव्हतं. संध्याकाळी घरी येऊन त्यांनी दोनदा भात मागून घेतला, आणि कुंदाबाई पाहतच राहिल्या.

हल्ली ओमेश खुर्चीत बसतच नाही. सह्या, मीटिंगा, फोन, सारं उभ्याउभ्याच करतो. देवचंदजी येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगतात, कोर्स केलेल्या माणसाची चपळाईच वेगळी. केशोराव त्यावर गंभीरपणे मान डोलावतात, आणि डस्टर संपले आहेत का ते विचारायला पुन्हा आत जातात.